जुन्या संगणकाचे पथ्यपाणी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळण्याची सोय आहे, पण ती मुदतच. विंडोज ११ हवे असेल तर संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे, रोज सकाळी इमानेइतबारे सुरू होणारे कितीतरी संगणक एका तारखेने 'कालबाह्य' ठरले. मला जुन्या यंत्रांची हौस आहे हे आमच्या रुग्णालयात वॉर्डातल्या मामांपासून वरिष्ठांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे (घरी या हौसेला 'खोड' म्हणतात). त्यामुळे तेव्हापासून मला हमखास एक प्रश्न विचारला जातो, "सर, हा कॉम्प्युटर आता भंगारात द्यायचा का?"

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. सरकारी रुग्णालयात ज्याने अर्धा दिवस काढला आहे त्याला वाटणार नाही. केसपेपरच्या खिडकीपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत आता रुग्णाची वाट संगणकातून जाते. खिडकीमागचा संगणक रखडला की बाहेरची रांग रखडते, आणि त्या रांगेत ताप आलेले मूल असते, नववा महिना लागलेली बाई असते, पहाटेच्या एसटीने आलेले आणि उपाशीपोटी रक्त द्यायला थांबलेले आजोबा असतात.

आमच्या एका वॉर्डाचेच सांगतो. चाळीस खाटा आणि एक संगणक, २००९ च्या आसपासचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम. सुरू व्हायला सात-आठ मिनिटे, ब्राउझर उघडायला आणखी चार. त्या काळात एक मूत्रपिंडाचा रुग्ण आला, डायलिसिसची एक पाळी चुकलेला. रक्त प्रयोगशाळेत गेले. अहवाल तयार झाला की तो रुग्णालयाच्या पोर्टलवर दिसतो, वॉर्डात बसून पाहता येतो, अशी व्यवस्था आहे. अहवाल पोर्टलवर आला होता. वॉर्डातल्या पडद्यावर मात्र ते गोल गोल फिरणारे चक्र होते. पोटॅशियम ६.८ होते. साडेतीन ते पाच हे त्याचे साधारण प्रमाण. साडेसहाच्या वर गेले की हृदयाची लय कधी बिघडेल याचा भरवसा नसतो. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने आकडा पाहून वॉर्डात फोन केला म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट वेळेवर शिरेत गेले. असे फोन करणारे तंत्रज्ञ असतात म्हणून आमची रुग्णालये चालतात. पण एका माणसाच्या दक्षतेवर अवलंबून असलेल्या व्यवस्थेला व्यवस्था म्हणत नाहीत.

तो संगणक निर्लेखनाच्या यादीत होता. निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तू निकामी ठरवून डेड स्टॉक रजिस्टरातून कमी करणे. यादीत कारण लिहिले होते, 'संथ चालतो'.

आता, आम्ही डॉक्टर एखाद्याला मृत घोषित करताना नाडी पाहतो, श्वास पाहतो, बाहुल्यांवर टॉर्च मारतो, ईसीजीची सरळ रेघ कागदावर काढून केसपेपरला जोडतो. संथ चालतो म्हणून कुणाला शवागारात पाठवत नाही. संथपणा हे लक्षण आहे, निदान नव्हे.

निदान करायचे तर आधी आहाराचा इतिहास घ्यावा लागतो. विंडोज ९५ चालवायला किमान चार एमबी रॅम लागे. २००१ साली आलेल्या एक्सपीला किमान ६४ एमबी. २००९ च्या विंडोज ७ ला एक जीबी, आणि विंडोज ११ ला किमान चार जीबी. पाव शतकात भूक हजार पटींनी वाढली. संगणकाची रॅम म्हणजे त्याचे कामाचे टेबल. ती भरली की ऑपरेटिंग सिस्टीम टेबलावरच्या वस्तू उचलून हार्डडिस्कच्या कपाटात ठेवते, लागल्या की परत आणते. रॅममधून माहिती उचलायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवरून आणायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास. फरक एक लाख पटींचा. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरची कात्री उचलायला एक सेकंद लागतो असे धरा. त्या हिशेबाने कपाटातली कात्री हातात यायला सत्तावीस तासांहून जास्त लागतील. जुना संगणक रखडतो तेव्हा त्याचा प्रोसेसर बहुधा रिकामाच बसलेला असतो. त्याचा सारा दिवस कपाटाकडच्या फेऱ्यांत जातो. हार्डडिस्कचा तो अखंड कुरकुर आवाज आणि लुकलुकणारा लाल दिवा, ही त्या फेऱ्यांची खूण.

हार्ट फेल्युअरचा रुग्ण धापा टाकत येतो तेव्हा आम्ही त्याचे हृदय बदलत नाही. मीठ तोडतो, लघवीवाटे साठलेले पाणी काढतो, हृदयावरचा भार उतरवतो. हृदय तेच राहते, पण चार दिवसांनी माणूस स्वतः चालत बाथरूमला जातो. जुन्या संगणकाचेही तसेच. त्याला पथ्याचे जेवण दिले की तो चालू लागतो.

हे पथ्याचे जेवण म्हणजे लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले, ती ही. तिचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेली संहिता, सर्वांसाठी खुली आहे; कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी. त्यामुळे एखाद्या कंपनीने जुन्या यंत्राला 'तुझी वेळ संपली' असे सांगितले तरी जगातले पाच-पन्नास हौशी लोक एकत्र येऊन त्याची शुश्रूषा चालू ठेवू शकतात. अर्थात लिनक्सचीही स्मृती अमर नाही. टॉरवाल्ड्सने ज्या ३८६ चिपच्या संगणकावर ती लिहिली, त्याच चिपचा आधार २०१३ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. लिनक्स म्हणजे आपोआप हलके असे नाही. उबंटूची नेहमीची आवृत्तीसुद्धा चार जीबी रॅम मागते. लिनक्स हा खरे तर नुसता गाभा. त्यावर खिडक्या, मेन्यू, चित्रे दाखवणारा जो डेस्कटॉप चढवतात तोच बहुतेक मेमरी खातो. गाभा तोच ठेवून डेस्कटॉप साधा निवडला की भार उतरतो.

अशा साध्या आवृत्त्या अनेक आहेत, आणि त्यांची नावे काढणाऱ्यांना विनोदबुद्धी आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली सुरू केलेली पपी लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू होते आणि सगळीच्या सगळी रॅममध्ये चढून बसते. हार्डडिस्क मेलेली असली, किंवा काढूनच टाकलेली असली, तरी संगणक चालतो. टायनी कोअर तर वीसेक एमबीची आहे. छातीच्या एका डिजिटल एक्स-रेची फाइलही साधारण तेवढीच भरते. त्यात अर्थातच फारसे काही नसते, लागेल ते आपण घालायचे. मला रोजच्या वापरासाठी अँटीएक्स आवडते. ग्रीसमध्ये जन्मलेली, डेबियन या जुन्याजाणत्या आवृत्तीवर बेतलेली. ती सुरू होऊन शांत बसते तेव्हा दोनशे एमबीच्या आसपास मेमरी घेते, म्हणजे दोन जीबीच्या संगणकात उरलेली सगळी जागा कामाला मोकळी. आपल्या सी-डॅकनेही बॉस लिनक्स काढली आहे. भारतीय भाषांची सोय हे तिचे वैशिष्ट्य, पण फार जुन्या यंत्राला ती थोडी जड जाते असे माझे मत.

वॉर्डातल्या त्या संगणकावर आमच्या एका इंटर्नने अँटीएक्स घातली. त्याआधी वॉर्डाच्या कारकुनाने फाइलवर टिपण लिहून वरची लेखी परवानगी आणली. सरकारी मालमत्तेला हात लावायचा तर तो कागद हवाच, आणि रुग्णालयाच्या आयटी विभागाला सांगितल्याशिवाय हे कुणी करू नये. शिवाय एक गोष्ट बदलली. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क काढून छोटी एसएसडी बसवली. वर मी कपाटाच्या फेऱ्यांचा जो हिशेब दिला, तो एसएसडीने शंभरेक पटींनी सुधारतो. संपूर्ण उपचारात पैसे लागले ते एवढ्याच भागाला. संगणक आता मिनिटाच्या आत सुरू होतो आणि पोर्टल उघडतो. सिस्टर सुरुवातीला म्हणाल्या, "स्टार्ट बटण कुठे गेलं?" ते डाव्या कोपऱ्यातच होते, फक्त त्याचा चेहरा वेगळा होता. दोन पाळ्यांत सगळ्यांच्या अंगवळणी पडले.

घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी सोयीची बाब अशी की या आवृत्त्या 'लाइव्ह' चालतात. आयएसओ नावाची फाइल संकेतस्थळावरून उतरवायची, ती रुफस किंवा व्हेंटॉय अशा मोफत साधनाने पेनड्राइव्हवर चढवायची, संगणक सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार बदलते) दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. हार्डडिस्कवरच्या फायलींना धक्का न लावता तास-दीड तास वापरून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, हे आधी पाहावे. शस्त्रक्रियेआधी तपासणी, तसे. आवडले तर फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेऊन मगच हार्डडिस्कवर बसवावे.

तपासणीतच बऱ्याच व्याधी सापडतात, आणि त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नसतात. माझी आवडती केस घड्याळाची आहे. संगणकाच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी असते, बंद संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारी. काही वर्षांनी ती संपते आणि संगणक दर सकाळी आपण २००५ सालात जागे झालो असे समजतो. आजच्या संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे तारीख पाहून तपासली जातात. २००५ सालच्या दृष्टीने ती सगळी भविष्यातली, म्हणून ब्राउझर त्यांना दारातच अडवतो. 'इंटरनेट चालत नाही' अशी तक्रार येते, केबल बदलली जाते, राउटर बदलला जातो, शेवटी संगणक बदलला जातो. दोष किरकोळ किमतीच्या बॅटरीत. रुग्णालयात याला आणखी एक गंभीर बाजू आहे. चुकीच्या तारखेने छापलेले डिस्चार्ज कार्ड किंवा दाखला पुढे विम्याच्या दाव्यात, कधी न्यायालयात, रुग्णाच्या अंगाशी येतो.

बाकी धूळ. पंख्यात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत वाढलेली वर्षानुवर्षांची धूळ. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. ब्रश आणि ब्लोअर एवढ्यानेच काही रुग्ण बरे होतात. मदरबोर्डवर डोक्याने फुगलेले किंवा तपकिरी द्राव गळलेले छोटे पिंप-आकाराचे कपॅसिटर दिसले तर मात्र आशा कमी. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बोर्डांना हा आजार मोठ्या प्रमाणावर होता.

आणि काहींना जाऊ द्यावे. हे मी जुन्या यंत्रांचा प्रेमी असूनही सांगतो. पेंटियम ४ च्या शेवटच्या काळातल्या काही चिपा एकट्याच शंभर वॅटच्या वर उष्णता टाकत. त्यावर काचेच्या नळीचा जुना मॉनिटर जोडला की सारा संसार दीडशे वॅटच्या पुढे जातो. दिवसाला आठ तास धरले तर वर्षाच्या तीनशे दिवसांत साडेतीनशेहून अधिक युनिटे. तेच काम आजचा छोटा मिनी पीसी वीस-पंचवीस वॅटमध्ये करतो. २००६ नंतरचा, ६४-बिट, दोन जीबी किंवा जास्त रॅम घेणारा संगणक असेल तर उपचार करावेत, असा माझा ढोबळ नियम. २००८ च्या सुमारास आलेल्या छोट्या नेटबुकांचे ॲटम प्रोसेसर फक्त अडीच वॅटचे होते. ते मनाने गरीब आहेत, त्यांना एखादे हलके काम देऊन सांभाळता येते. उदाहरणार्थ, किविक्स नावाच्या मोफत साधनाने विकिपीडियाचे वैद्यकीय लेख एकदा उतरवून ठेवता येतात आणि इंटरनेट नसतानाही वाचता येतात. अशा कामाला तेवढा जीव पुरतो.

३२-बिट यंत्रांची मुदत मात्र आता दिसू लागली आहे. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिच्यात जुन्या ३२-बिट पीसीवर नव्याने बसवण्याची सोय राहिली नाही. बाराव्या आवृत्तीचा दीर्घकालीन आधार २०२८ पर्यंत आहे. क्रोमने ३२-बिट लिनक्सची साथ २०१६ सालीच सोडली, फायरफॉक्सनेही सोडत आणली आहे. खरी अडचण आहे ती ब्राउझरची. ऑपरेटिंग सिस्टीम कितीही हलकी घ्या, बातम्यांचे एखादे संकेतस्थळ उघडले की जाहिराती आणि आपोआप चालणाऱ्या चित्रफितींसह तेच चारपाचशे एमबी गिळते. पथ्य पाळून सकाळी हलकी पेज घेतलेल्या रुग्णाला नातेवाइकांनी डब्यातून श्रीखंडपुरी आणावी, तसला प्रकार. दोन जीबीच्या संगणकावर एका वेळी दोन-तीन टॅब, त्याहून जास्त नाही, हे सांगूनच तो हाती द्यावा.

आपल्याकडची आणखी एक खास अडचण फाँटची. युनिकोड रुळण्यापूर्वी कार्यालयांत मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटमध्ये टंकला जाई. ती पत्रे लिनक्समध्ये लिब्रे ऑफिसवर उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. 'लिनक्सला मराठी येत नाही' अशी बोंब मग उठते. लिनक्सला मराठी उत्तम येते, इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, मुंबईच्या एक टाइप संस्थेने केलेला मुक्त सारखा सुरेख देवनागरी फाँट फुकट मिळतो. त्या जुन्या पत्रातच मराठी नसते. असतात रोमन अक्षरांचे क्रमांक, फाँटने मराठीचे सोंग दिलेले. रूपांतराची साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात. औषधाच्या मात्रांचे जुने तक्ते असे रूपांतरित करत असाल तर अंकसुद्धा एकेक करून पाहा. काही स्वस्त लेझर प्रिंटरही लिनक्सशी बोलत नाहीत. ते आधी तपासावे.

आता संसर्गाकडे वळू. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी सुमारे एक तृतीयांश ट्रस्टना त्याची झळ बसली. १९ हजारांहून अधिक अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने दिला. काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. वर्तमानपत्रांनी दोष जुन्या विंडोज एक्सपीला दिला. चौकशीत दिसले ते वेगळे. बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती, जिला त्या वेळी कंपनीचा आधार होता, आणि हा हल्ला रोखणारी दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच, उपलब्ध झालेली होती. ती लावलेली नव्हती. डॉक्टरच्या भाषेत सांगायचे तर रुग्ण म्हातारा होता म्हणून आजारी पडला नाही, लस टोचलेली नव्हती म्हणून पडला.

याच कारणासाठी मी जुना संगणक जुन्याच विंडोजवर, जाळ्याला जोडून, चालू ठेवण्याच्या ठाम विरोधात आहे. दहा वर्षांत एकही दुरुस्ती न मिळालेले यंत्र रुग्णालयाच्या नेटवर्कवर असणे म्हणजे खोकणाऱ्या, निदान न झालेल्या क्षयरुग्णाला खच्चून भरलेल्या वॉर्डाच्या मधल्या खाटेवर ठेवणे. त्याच यंत्रावर चालू आधाराची लिनक्स घातली तर आठवड्याच्या आठवड्याला दुरुस्त्या येत राहतात. त्या लावाव्या मात्र लागतात. लिनक्सलाही विषाणू होतात, कमी होतात इतकेच. आणि नुसती ऑपरेटिंग सिस्टीम बदलून सगळे निभावत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला, त्यानंतर तिथले कामकाज कित्येक दिवस कागद-पेनावर चालले. नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, असे कारण सरकारने संसदेत दिले. विलगीकरण कक्षाचे महत्त्व कोविडनंतर नव्याने सांगायला नको.

एका गोष्टीला मात्र हौशी हात कधीही लागू नये. ईसीजी, सोनोग्राफी, रक्ततपासणीची स्वयंचलित यंत्रे यांना जोडलेला संगणक कितीही जुना दिसो, तो त्या उपकरणाचाच अवयव असतो. उत्पादकाने त्या विशिष्ट जोडीवरच अचूकता तपासलेली असते. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आणि हिमोग्लोबिनचा आकडा सरकला तर ते लक्षातही येणार नाही. असा संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा आणि बाकी उत्पादकाच्या अभियंत्यावर सोडावे.

जुनी यंत्रे आणि खुले सॉफ्टवेअर यांची जोडी आरोग्यसेवेत किती पुढे जाऊ शकते हे पाहायचे तर छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारीकडे पाहावे. तिथल्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयासाठी 'बहम्नी' ही खुली रुग्णनोंद-प्रणाली घडवली गेली. २००४ पासून विकसित होत आलेल्या ओपनएमआरएस या खुल्या प्रणालीच्या पायावर ती उभी आहे, आणि आज अनेक देशांत वापरली जाते. तिच्या रचनेतली मेख अशी की सगळी मेहनत एका सर्व्हरवर होते. डॉक्टरच्या टेबलावर फक्त ब्राउझर लागतो. एक चांगले यंत्र आतल्या खोलीत ठेवा, बाकीची जुनी यंत्रे त्याच्या खिडक्या म्हणून वापरा. तालुक्याच्या रुग्णालयाला पंधरा नवे संगणक मिळतील तेव्हा मिळोत, एक चांगला आणि चौदा दुरुस्त केलेले, ही जोडणी आजही शक्य आहे.

आणि जे जातात, ते जातात कुठे? २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा ई-कचऱ्यावरचा २०२४ चा अहवाल सांगतो. त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा दिल्लीचे सीलमपूर, उत्तर प्रदेशातले मुरादाबाद अशा ठिकाणच्या गल्ल्यांत उघड्यावर फोडला, जाळला, आम्लात बुडवला जातो. तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्याच्या कणांसाठी बोर्ड. युरोपीय महासंघाने शिशाच्या वापरावर निर्बंध आणले ते जुलै २००६ पासून. त्याआधीच्या बोर्डांवरच्या डागात शिसे भरपूर, आणि काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये तर काचेतच. शिशाची सुरक्षित पातळी म्हणून काही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गिळलेल्या शिशाचे प्रौढाच्या तुलनेत चार ते पाच पट शोषण लहान मुलाच्या आतड्यातून होते. ते हाडांत साठते, वाढत्या मेंदूला इजा करते, बुद्ध्यांक खाली आणते, आणि झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही. अशा वस्तीतले मूल शाळेत 'ढ' ठरते तेव्हा त्याच्या रक्तातले शिसे कुणी मोजलेले नसते. संगणकाच्या आयुष्यात आणखी पाच वर्षांची भर पडली तर तो बोर्ड पाच वर्षे त्या गल्लीपासून लांब राहतो, आणि तोवर अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायची व्यवस्था आपल्याला उभी करता येते.

निर्लेखनाच्या वेळी एक काम हमखास राहून जाते. हार्डडिस्क. तिच्यावर रुग्णांची नावे असतात, पत्ते असतात, एचआयव्हीचे अहवाल, गर्भपाताच्या नोंदी, मनोविकार विभागाची पत्रे असतात. फायली 'डिलीट' केल्याने त्या जात नाहीत; फक्त अनुक्रमणिकेतून नाव जाते, पाने तशीच राहतात, आणि भंगारवाल्याकडून डिस्क विकत घेणारा कुणीही ती वाचू शकतो. यालाही तीच हलकी लिनक्स कामी येते. श्रेडओएस नावाची छोटी आवृत्ती पेनड्राइव्हवरून सुरू करायची, पडद्यावर आलेल्या यादीतून योग्य डिस्क निवडायची (दोनदा खात्री करून, कारण परतीचा मार्ग नाही) आणि ती डिस्कच्या प्रत्येक कोपऱ्यावर नवे अंक लिहीत जाते. फिरत्या तबकडीच्या डिस्कला एक फेरी पुरते. जुन्या १६० जीबीच्या डिस्कला तासा-दोन तासांचा वेळ. एसएसडीला ही पद्धत पुरेशी नाही, तिच्यासाठी उत्पादकाची 'सिक्युअर इरेज' आज्ञा वापरावी. डिस्क सुरूच होत नसेल तर ती काढून भोक पाडून घ्यावी; आमच्याकडे ते काम अस्थिरोग विभागाच्या एका निवासी डॉक्टरने आनंदाने, घरून आणलेल्या ड्रिलने केले. डिस्कचा क्रमांक आणि पुसल्याची तारीख निर्लेखनाच्या कागदावर लिहून घ्यावी, आणि त्याखालीच सही करावी.